आचारी आणि कोंबडी

आमचे हे इंग्लंडात लीड्सच्या घरी, फ्रंट रूममध्ये पियानोवर रॅगटाइम वाजवायचे. अमेरिकेतल्या जुन्या, उड्या मारणाऱ्या ट्यून्स त्या. प्रत्येकीमागची गोष्ट मात्र मी सांगायची, देवाशप्पथ म्हणून, आणि धादांत खोटी. ह्यांच्या लाडक्या ट्यूनमध्ये डावा हात म्हणजे बोटीवरचा जाडा आचारी, धपधप धावणारा. उजवा हात म्हणजे त्याची अंगठी गिळून पळालेली कोंबडी. नातवंडं हसून लोळायची.

२००४ च्या मार्चमध्ये ह्यांना स्ट्रोक आला आणि उजवा हात गेला. फिजिओ बाई म्हणाली, आता सुधारणा होईल असं वाटत नाही.

काल हे हट्टानं स्टुलावर बसले आणि नुसत्या डाव्या हातानं तीच ट्यून वाजवायला लागले. धप धप, धप धप.

"कोंबडी सोफ्याखाली लपलीय हो," मी म्हटलं. "भूक लागली की येईल."

"अगं, कापून खाल्ली तिला कधीच," हे म्हणाले. "आता एकट्या आचाऱ्याची गोष्ट सांग."

जन्मभर थापा मारल्या मी. आचारी धावत राहिला आणि मला एकही थाप सुचेना.