शेळीला चालणारी फुलं

मालतीनं माहेराहून, म्हणजे वळसंगहून, शेळी आणली तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, नानांनी, ती पाहुणी समजून सुरुवातीला काहीच म्हटलं नाही. मग शेळीनं त्यांची जास्वंद खाल्ली. नेमकी एकादशी होती.

"फराळ केला म्हणायचा," नारायण म्हणाला. नारायण नानांचा मुलगा, मालतीचा नवरा आणि शाळेत ड्रॉइंग मास्तर. या तिन्ही नात्यांनी त्याला घरात कोणी विचारत नसे.

नानांना दोनच गोष्टी प्रिय होत्या: महादेव आणि महादेवासाठी ओसरीवर रॉकेलच्या डब्यांत लावलेली झाडं. तगर, गोकर्ण, जास्वंद आणि सगळ्यांत लाडकी पांढरी कण्हेर. सोलापूरच्या उन्हात माणसं वाळत, ही कण्हेर मात्र फुलत असे.

"आज जास्वंद खाल्ली, उद्या पोथी खाईल," नाना म्हणाले. "सूनबाई, या आठवड्यात ही परत गेली पाहिजे."

मालती आत गेली. तिनं भांडी घासायला घेतली. ती आधीच घासलेली होती. शेळीचं नाव रंभा. तिची आई मेली तेव्हा ती एवढीशी होती, मालतीनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलेली. तिला परत पाठवणं म्हणजे काय, हे त्या भांड्यांच्या आवाजावरून नारायणला नीट कळलं.

"अहो," मालती रात्रीच्या जेवणाला वाढताना म्हणाली, "मामंजींचं जाऊ द्या, मला त्या कण्हेरीचीच धास्ती आहे. आमच्याकडे एक बैल कण्हेर खाऊन गेला. चांगला हत्तीएवढा होता."

नारायणनं विचार केला. मांजरापासून दूध वाचवायला आपण काय करतो? शिंक्यात टांगतो. त्यानं बाजारातून काथ्या आणला आणि रविवारी सगळी बाग तुळईला टांगली. कण्हेर सगळ्यांत आधी, सगळ्यांत उंच.

व्यवस्था उत्तम होती. फक्त झाडांना पाणी घातलं की ते खाली बसलेल्या नानांवर ठिबके. नाना छत्री उघडून वर्तमानपत्र वाचू लागले. बाहेर पावसाचा थेंब नाही आणि नाना ओसरीत छत्री धरून बसलेत, हे बघायला शेजारी येऊ लागले. एकानं तर ज्योतिष्याला विचारलं. रंभा मान वर करून झाडांकडे बघत बसे, जशी माणसं आभाळाकडे बघतात.

आठवडा उलटला. शेळीला परत पाठवण्याची गोष्ट नानांनी काढली नाही. मालतीनंही आठवण करून दिली नाही.

आणि एका सकाळी रंभा उठेना. तोंडातून लाळ गळत होती, पोट फुगलं होतं, पाय थरथरत होते. मालतीनं तिच्यापुढं नानांचं धुतलेलं, एरवी ती चघळायला धावे ते उपरणं धरलं. रंभानं ते हुंगलंसुद्धा नाही. तेव्हा मालती रडायला लागली.

नारायण टांगा घेऊन आला. टांगेवाला ईश्वरप्पा म्हणाला, "मास्तर, शेळी मागं बसू द्या, बाई तिला धरतील. तुमी चाला की. आजारी ती हाय, तुमी न्हाय."

नाना न बोलावता पुढं ईश्वरप्पाशेजारी चढून बसले. नारायण टांग्यामागून चालला.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रंभाच्या छातीला नळी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ठोके चुकतायत. काय खाल्लं हिनं?"

"काही नाही हो," मालती म्हणाली, "घरातलं सगळं वर टांगलंय."

नाना खाकरले. "निर्माल्य," ते म्हणाले.

"कसलं निर्माल्य?"

"देवावरचं. पायदळी येऊ नये म्हणून. काल दिलं. मोठ्या प्रेमानं खाते हो ती."

"नाना," नारायण म्हणाला, "त्यात कुठली फुलं होती?"

"पांढरी."

"कुठली पांढरी?"

नाना भिंतीकडे वळले. "कण्हेरीची. पण अरे, ते निर्माल्य होतं, कण्हेर नव्हे! देवाच्या डोक्यावरून उतरलं होतं!"

"महादेवाला विष पचतं," डॉक्टर म्हणाले. "शेळीला नाही."

त्यांनी कोळशाची बारीक पूड पाण्यात कालवून हळूहळू रंभाच्या घशात उतरवली. "फुलं थोडी असली तर निभावेल. बसा आता."

बसले. मालतीनं रंभाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सासऱ्यांकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, आणि तेच नानांना जास्त लागलं. ते पुटपुटत होते. नारायणला वाटलं जप चाललाय. मग ते उठून डॉक्टरांकडे गेले.

"तगर चालेल का हिला?"

"नको."

"गोकर्ण?"

"बिया नकोत."

"धोतरा?"

"आजोबा!"

"विचारतोय फक्त. जास्वंद?"

"जास्वंद खुशाल खाऊ दे."

"बेल? दूर्वा?"

"चालेल, चालेल."

नाना परत येऊन मालतीसमोर चक्क जमिनीवर बसले. "सूनबाई, कण्हेर उद्याच देवळाच्या आवारात, कुंपणाआत. तगर, गोकर्णही तिकडेच. तू फक्त हिला उठव."

"मी कशी उठवणार, मामंजी?" मालती म्हणाली, पण या वेळी त्यांच्याकडे बघून म्हणाली.

गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा रंभा दचकली, पुढचे पाय झाडले, पडली, पुन्हा झाडले आणि उभी राहिली. सगळं तोंड काळं. डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली आणि या खेपेला आठ्या घातल्या नाहीत.

"नेऊ का घरी?" नानांनी विचारलं.

"आज इथंच राहू द्या. उद्या न्या."

"मग मीही इथंच राहतो," नाना म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं की इथं माणसांची सोय नाही. नाना म्हणाले, मला शेळीची सोय चालेल.

दुसऱ्या दिवशी कण्हेर गेली. ओसरीवर जास्वंदीचे नवे डबे आले. त्यातलं प्रत्येक झाड नाना आधी जाऊन डॉक्टरांना विचारून आले. आता पहाटे ते परडी भरतात आणि पूजेआधी रंभाला दाखवतात. तिच्या पोटाला जे चालतं तेवढंच महादेवाला वाहिलं जातं. महादेवाकडून अजून तक्रार आलेली नाही.