स्वर्गात चिमणीचं काय?

मास्तर आठवडाभर सुतारकाम करायचे आणि रविवारी चर्चच्या उपासनेत पेटी वाजवून गायनमंडळ सांभाळायचे. लोक त्यांना मास्तर म्हणत ते या दुसऱ्या कामामुळे. गळा असा की शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारेही दचकून सावरून बसत. आणि अशा माणसाची एकुलती एक लेक जन्मापासून ठार बहिरी. पाळण्यात असतानाच सगळे तिला लाडानं चिमणी म्हणू लागले होते. तिला काहीच ऐकू येत नाही हे कळेपर्यंत नाव चिकटून बसलं.

बायको लवकर गेली. तिची मोठी बहीण, म्हणजे चिमणीची मावशी, चार दिवसांसाठी म्हणून आली ती कायमचीच राहिली. मावशीचा विश्वास डोंगर हलवणारा. फक्त डोंगरानं कुठं जायचं ते मावशी ठरवणार. कुठूनही नवा प्रचारक आला की ती चिमणीला पुढं घालून निघे. कुणी कानात बोटं घालायचे, कुणी तेल लावायचे, कुणी "उघड!" म्हणून ओरडायचे. चिमणी शहाण्यासारखी उभी राहायची. घरी येताना मास्तर स्वतःलाच दोष द्यायचे, की आपलाच विश्वास कमी पडला. मग मनाची समजूत घालायचे: इथं नाही तर नाही, स्वर्गात पोरीला ऐकू येईल, आणि पहिलं गाणं ऐकेल ते बापाचं. खरं सांगायचं तर त्यांची श्रद्धा एवढीच होती. बाकी सगळं पाठांतर.

चिमणी मोठी झाली, बेकरीत लागली. केकवर तिनं काढलेल्या गुलाबावर सुरी फिरवायला गिऱ्हाइकांचा हात धजत नसे. मग तिनं स्वतःच एक मुलगा पसंत केला. वेल्डिंग करणारा, कामसू, हसतमुख, आणि तिच्यासारखाच बहिरा. दोघं बोलायला बसले की चार हातांची अशी धांदल उडे की मावशीला नुसतं बघूनच धाप लागे.

लग्न ठरलं तशी मावशीनं जेवताना जाहीर केलं, "आधी मोठी प्रार्थना ठेवू. दोघांचेही कान एका झटक्यात उघडतील."

मास्तरांनी ते हातांच्या खुणांनी लेकीला सांगितलं. तिनं घास खाली ठेवला.

"मी आजारी नाही," तिचे हात म्हणाले. "मी येणार नाही."

पोरगी दुखावली असं वाटून मास्तरांनी मनात जपलेलं तेवढंच एक बाहेर काढलं. "बरं, नको येऊ. स्वर्गात तर ऐकशीलच. माझं गाणं ऐकशील."

हे त्यांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिनं ताट बाजूला सरकवलं. मग तिचे हात सावकाश उठले.

"मग तिथं आम्ही दोघं हातांनी बोलणार नाही?"

"गरजच पडणार नाही."

"तुम्ही जिला गाणं ऐकवणार, ती दुसरीच कुणी आहे. तुमच्या स्वर्गात मी नाहीच, बाबा."

ती उठून गेली. "काय म्हणाली?" मावशीनं विचारलं. मास्तर तिचं ताट उचलून आत गेले.

ते चर्चच्या पाळकांकडे गेले. पाळक वयानं लहान, मनानं चांगले. "तिथं सगळं पूर्ण होईल, मास्तर," ते म्हणाले. "काही उणं राहणार नाही."

"पूर्ण म्हणजे माझ्यासारखं का?" मास्तर म्हणाले. "मी इतकी वर्षं हातांनी बोलतोय, अजून अडखळतो. मग उणं कुणात आहे?"

पाळकांनी हनुवटी खाजवली. "हे मला कुणी शिकवलं नाही," ते म्हणाले.

मास्तरांना चैन पडेना. रंधा मारता मारता ते मनात गाणी घोळवत, त्यात एकदा मरणातून उठलेल्या प्रभूची ओळ आली. शंका घेणाऱ्या शिष्याला त्यानं आपले हात दाखवले, क्रुसावरच्या खिळ्यांच्या भोकांसकट. मास्तरांचा हात थांबला. मरणाला हरवून आलेल्याला दोन भोकं बुजवणं जड होतं का? साधा सुतारही लांबीचा लगदा भरून खिळ्याचं भोक दिसेनासं करतो, आणि हा तर स्वतःच सुतार! तरी ठेवली. का, तर त्यांवरूनच त्याच्या माणसांनी त्याला ओळखलं. म्हणजे देव सगळंच रंधा मारून गुळगुळीत करत नाही!

अंगावरचा भुसाही न झटकता ते बेकरीत पोचले आणि लेकीला सगळं भरभर सांगितलं. चिमणीनं शेवटपर्यंत नीट पाहिलं.

"पण बाबा, भोकं म्हणजे जखम. मला कुणी खिळे मारलेले नाहीत. मी अशीच आहे."

मास्तरांचा चेहरा पडला. "म्हणजे हेही चुकलं?"

"अर्धं. हातांवरून ओळखलं, ते चांगलं आहे. ते ठेवा."

तिनं हात पुसले आणि पुन्हा बोलू लागली. "लहानपणी उपासनेत सगळे डोळे मिटायचे. मलाही मिटायला लावायचे. विचारलं तर म्हणालात, देवाशी बोलतोय. माझ्याकडे नुसता अंधार असायचा. तुमचा देव यायचा, तेव्हाच माझा जायचा."

मास्तर पिठाच्या गोणीवर बसले. तिनं जवळ येऊन त्यांच्या केसांतला भुसा काढला.

घरी येऊन त्यांनी मावशीला सांगितलं, कानांची प्रार्थना होणार नाही. लग्नातली प्रार्थना मी हातांनी करणार.

"देवासमोर हातवारे?" मावशी कडाडली.

"ताई, तुमचं पुटपुटणं त्याला कळतं, तर हातवारे का कळणार नाहीत?"

मावशीनं अबोला धरला.

लग्नाच्या दिवशी पाळकांनी मंडळीला सांगितलं, "आज डोळे उघडे ठेवून प्रार्थना करू." काही म्हाताऱ्यांनी मुद्दाम घट्ट मिटले. मास्तर पुढं आले. हात बोलत होते आणि आवाज त्यांच्या मागून जात होता.

"देवबापा, तू कसा आहेस ते मला वाटलं होतं तितकं ठाऊक नाही. स्वर्गात कुणाला काय ऐकू येईल ते तुझं तू बघ. पण हे दोघं तुला ओळखू येतील असेच येऊ देत. आणि त्यांचं बोलणं शिकायला आम्हाला वेळ दे. या दोघांवर तुझा आशीर्वाद…"

नवऱ्या मुलाचे खांदे हसून गदगदू लागले. मास्तरांनी आशीर्वादाच्या जागी गोधडी पांघरायची खूण केली होती. चिमणीनं कमरेपाशी हळूच खूण दुरुस्त करून दाखवली. मास्तरांनी ती पुन्हा केली, या वेळी बरोबर.

पहिल्या बाकावर मावशीनं आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. मास्तर खाली येऊन शेजारी बसले तेव्हा तिनं त्यांना कोपरानं ढोसलं. "आमेन कसं करायचं?" ती कुजबुजली. "मला एकदा दाखवा, पण सावकाश."