निळ्या झग्याची पाच बटणं

मी सरावाचा पुतळा बोलतोय. पुतळा म्हटल्यावर चौकातला, हार घातलेला कुणी डोळ्यांपुढे आणू नका. मला हात नाहीत, पाय नाहीत. डोकं, मान आणि कमरेपर्यंतचं धड, एवढाच मी. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती जितकी खोल दाबायला हवी, तितकी माझी दाबली की आतली स्प्रिंग 'टक्' करते. बोलायला माझ्यापाशी एवढा एकच शब्द.

माझा साचा पुरुषाचा. कारखान्यात माझ्याआधीचे आणि नंतरचे सगळे तसेच, उघड्या छातीचे. तिथून खोक्यात बसून मी दूरदेशीच्या नाबल गावात आलो, बायकांच्या सहकारी अर्कशाळेत. वसंतात इथे कडू नारिंगाच्या फुलांचे ढीग पडतात, तांब्याच्या हंड्यांखाली जाळ लागतो आणि वर्षभर पुरेल एवढं फुलांचं पाणी निघतं. कॉफीत दोन थेंब, लेकराच्या पोटदुखीवर एक चमचा, कुणाला भोवळ आली तर तोंडावर हबका. गावाचा या पाण्यावर फार विश्वास.

दाराजवळच्या भिंतीवर पांढऱ्या पेटीत हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र बसवलं, त्याच आठवड्यात माझा वर्ग सुरू झाला. शिकवायला दवाखान्यातली नर्स रफीका यायची.

पहिल्या दिवशी मला टेबलावर ठेवलं तेव्हा दलिंदा मावशीनं तोंडाला ओढणीचा पदर लावला. मोठ्या हंड्याची राखण तिच्याकडे होती.

"अगं बाई, हा असाच बसणार? ह्याला बायको नाही का कुणी?"

"असती तर असा उघडा धाडला असता का, मावशी?" मोंधर म्हणाला. तो टेम्पोतून फुलांची पोती आणायचा.

"तू गप रे. तुला आहे ना बायको? मग तुझ्या सदऱ्याचं बटण कुठंय?"

सगळे हसले. मावशीनं कपड्यांवरून चढवलेला कामाचा निळा झगा काढला, माझ्याभोवती गुंडाळला आणि पाचही बटणं लावली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या अंगावर कापड चढलं. त्याला जाळाचा आणि फुलांचा वास होता.

रफीकाही हसली. पण तिनं झगा काढून परत दिला. "मावशी, दाबायची जागा नीट दिसायला हवी ना. झगा मध्ये येतो."

त्यानंतर मी कायम उघडाच राहिलो.

मोंधर सगळ्यांत तरबेज झाला. हात ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, आणि लागोपाठ टक्, टक्, टक्. बायका मागे बसायच्या. पुरुषांसमोर वाकून उघड्या छातीवर हात ठेवायला कुणी धजत नसे. काय-काय करायचं त्या पायऱ्या मात्र त्यांना तोंडपाठ होत्या. मावशीनं मला एकदाच दाबलं, तेही तळहाताच्या टोकानं. "मेलास तर माझ्या नावानं खडे फोडू नकोस बाबा," म्हणाली आणि हसत मागे सरली. 'टक्' झालंच नाही. पुन्हा कर, असं तिला कुणी म्हटलं नाही.

पुढच्या वर्षीच्या हंगामात, एका सकाळी, मावशी हंड्यापाशीच कोसळली.

मी कपाटावर होतो. सगळं दिसत होतं. मोंधर पोतं टाकून धावला. हाक मारली, खांदे हलवले, श्वास पाहिला. सगळं शिकवल्यासारखं. "सुंदुस, रुग्णवाहिकेला फोन कर! कुणीतरी यंत्र काढा!" सुंदुस ही मावशीची लेक.

त्यानं हात छातीवर आणले आणि तिसऱ्या बटणाच्या वर ते थांबले. त्यानं आजवर फक्त उघडीच छाती दाबली होती. झगा काढायचा की नाही, हे माझ्याकडून तो शिकलाच नव्हता.

"हात काढ!" मागून एक म्हातारी ओरडली. "शुद्धीवर आली की गावात तोंड कसं दाखवील ती? पुरुषांनो, बाहेर व्हा!"

तो बाहेर गेला. दार लागलं. घाबरलेल्या बायका पाठ केलेलं सगळं विसरल्या; त्यांनी मावशीला उठवून बसवलं, भिंतीला टेकवलं. तोंडावर, गळ्यावर, छातीवर फुलांच्या पाण्याचे हबके मारले. बाटलीमागून बाटली.

दाराबाहेरून मोंधर ओरडत होता, "बसवू नका! आडवं करा! छातीच्या मधोमध दाबा, जोरात दाबा!" त्याचा आवाज चिरकत होता. अखेर सुंदुसनं आईला आडवं केलं आणि दाबू लागली. पण तिच्या हातांना सवय नव्हती. यंत्र आपल्या शांत आवाजात सांगत होतं : छाती उघडी करा, पट्ट्या चिकटवा. तिनं बटणं काढली. ओल्या अंगावर पट्ट्या धरेनात. ती बाहीनं पुसत राहिली, पुन्हा चिकटवत राहिली. तेवढ्यात रुग्णवाहिका आली.

मावशी परत आली नाही.

ती वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. असं कुणालाच म्हणता येत नाही, आणि म्हणूनच हा सल जात नाही. पण छाती कपड्यांवरूनही दाबता येते. त्यासाठी एक बटणही काढावं लागत नाही. बटणं काढायची ती पट्ट्या लावायला, आणि अंग ओलं असेल तर आधी कोरडं करायचं. हे रफीकाला ठाऊक होतं. सांगायचं तिला सुचलं नाही, कारण समोर मी होतो, उघडा आणि कोरडा.

वर्ग बंद पडला. वर्षभर मी कपाटावर धूळ खात होतो. मोंधर दारातच पोती ठेवून जायचा. आत पाऊल टाकत नसे.

मग एका दुपारी सुंदुसनं मला खाली काढलं, पुसलं, आणि तो निळा झगा माझ्या अंगावर चढवला. धुऊन वास गेला होता. तिनं पाचही बटणं लावली. रफीका बाजूला उभी होती. या वेळी तिनं झगा काढायला लावला नाही.

सुंदुस दाराकडे गेली. "मोंधरदादा, आत या."

"नको गं."

"ह्याचा श्वास थांबलाय. या."

तो आला, गुडघ्यांवर बसला. हात तिसऱ्या बटणावर येऊन पुन्हा थांबले.

"आईचाच आहे," ती म्हणाली. "दाबा."

टक्.

तो बराच वेळ दाबत राहिला. मग तिनं यंत्राच्या पट्ट्या पुढे केल्या आणि त्यानं पहिलं बटण काढलं. पाठोपाठ मागच्या बायका एकेक करून पुढे आल्या. ती ओरडणारी म्हातारीसुद्धा. तिच्या पहिल्या तीन दाबांना मी गप्पच राहिलो. चौथ्याला बोललो.

आता माझी स्प्रिंग ढिली झाली आहे, मानेला तडा गेला आहे. नवा पुतळा येणार म्हणतात. येऊ दे. त्याला माझं काही सांगू नका, फक्त हा झगा त्याच्या अंगावर चढवा. आणि तुमच्यासमोर कुणी कोसळलं, तर ती कुणाची आई, कुणाची सून, हे मनात येण्याआधी तुमचे हात तिच्या छातीवर असू द्या. लाज वाटायला ती जिवंत राहिली, तर मावशीसारखीच चार टोमणे मारील. ते ऐकून घ्या.