आत नऊ, बाहेर सहा

डांबराच्या गोळीचा वास.

अंबडच्या कॅन्टीनमधला अर्धा कप चहा.

हरसूलच्या बाजारात घेतलेल्या दोन शेळ्या.

पांढरा कोट. बाह्या जरा लांब.

कधीच न वाळलेली शाई.

मित्रांनो, ही सगळी माझ्याच आयुष्याची सुटी पानं आहेत. मी कागद आहे, पण मला फाडून दाखवा बरं! नाही फाटणार. माझ्या पोटाला आणि पाठीला जाड प्लास्टिक चिकटलेलं आहे. ते कुणी चढवलं आणि त्यापायी माझे नऊ भाऊ मला सोडून कसे गेले, एवढंच मला सांगायचं आहे.

शतदल वृद्धी फंड नावाच्या योजनेचं मी शंभर युनिटांचं प्रमाणपत्र. जन्म १९९४ चा.

दहा रुपये

फंड म्हणजे काय, ते खलीलभाईंनी घरी जसं सांगितलं तसंच तुम्हाला सांगतो. खलीलभाई अंबडच्या एका कारखान्यात लेथ चालवत. राहायला जुन्या नाशकात, चौक मंडईजवळ. एकदा जेवताना ते बायकोला म्हणाले, "गुलजार, असं समज, पुष्कळ लोकांनी थोडे थोडे पैसे एका पातेल्यात टाकले. जाणकार माणसं त्यातून बऱ्याच कंपन्यांचे शेअर घेणार. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तरी सगळ्यांचा."

गुलजारबी भाकरी उलटत होत्या. "आणि पातेल्याचं झाकण?"

"दहा वर्षांनी उघडणार."

"मधेच भूक लागली तर?"

"मग आपला वाटा बाजारात दुसऱ्याला विकायचा. त्यात काय एवढं!"

त्यात काय एवढं, हे पुढे कळायचं होतं.

बँकेत ठेव ठेवली असती तर हा प्रश्नच नव्हता. पण व्याज घ्यायचं नाही आणि द्यायचंही नाही, हा त्या घराचा नियम होता. भागीदारीतला नफा मात्र चालतो. म्हणून बोनस आणि ओव्हरटाइमचे साठवलेले पैसे घेऊन खलीलभाई महात्मा गांधी रोडवर फॉर्मसाठी रांगेत उभे राहिले. त्या दिवसांत फंड आणि शेअर म्हटलं की लोक सिनेमाच्या तिकिटासारखी गर्दी करायचे. एक युनिट दहा रुपयांना. काही महिन्यांनी रजिस्टर पोस्टाने आम्ही दहा भाऊ त्या घरात आलो. हिरवी नक्षी, कोपऱ्यात कमळ. लेथच्या तेलाने काळा झालेला अंगठा आमच्यावर उमटू नये म्हणून खलीलभाईंनी आम्हाला रुमालाने धरलं होतं. असा मान मला पुन्हा कुणी दिला नाही.

सगळ्यात वर मी होतो. "हा बरकतीचा," असं म्हणून ते मला शालिमारजवळच्या एका दुकानात घेऊन गेले. तिथे मुलं दहावी-बारावीच्या गुणपत्रिका प्लास्टिकमध्ये घालून घेत होती. मीही त्यांच्या मागे रांगेला लागलो. गरम रुळांमधून निघालो तेव्हा माझ्यावर असा तजेला होता, की शेजारची पहिल्या श्रेणीची गुणपत्रिकासुद्धा माझ्याकडे बघत राहिली. कसर लागायला नको, ओल लागायला नको, म्हणून केलेली ही सोय होती. बाकीच्या नऊ जणांना डांबराच्या गोळ्यांसोबत पेटीत ठेवलं. मी भिंतीवर.

आठ. मग सात.

योजनेचं नशीब मात्र माझ्यासारखं चमकलं नाही. बाजार घसरला. पातेल्यातल्या शेअरची किंमत उतरली आणि माझ्या एका युनिटच्या वाट्याची मालमत्ता नऊ रुपयांवर आली. हे तरी समजण्यासारखं होतं. पण पेपरात माझा भाव आणखी खाली छापून यायचा. आठ, साडेसात, सात. आत नऊ रुपयांचा माल असून बाहेर कुणी नऊ द्यायला तयार नाही!

खलीलभाई तो बारीक छापलेला तक्ता मायक्रोमीटर वाचावा तसा एक डोळा मिटून वाचत. कारखान्यात त्यांच्या शेजारच्या मशीनवर हिरामण होता, हरसूलकडचा. त्यानेही खलीलभाईंच्या नादाने थोडी युनिटं घेतली होती. कॅन्टीनमध्ये अर्धा अर्धा चहा घेताना त्याने विचारलं, "आत नऊचं हाय, तं सातला का इकत्यात लोकं?"

"झाकण बंद आहे ना. घेणाऱ्याला आणखी कित्येक वर्षं थांबायचं. थांबायचे पैसे कापून घेतो तो."

"म्हंजे आतलं आपलं, पन खायला नाय मिळत."

"मिळेल. धीर धर."

हिरामणने धीर धरला नाही. सातला विकून मोकळा झाला आणि हरसूलच्या बाजारातून दोन शेळ्या घेऊन आला. "माझ्या शेळ्या दूध देत्यात, खलीलभाई. तुमचा फंड काय देतो?"

"देतो की. वर्षातून एकदा पत्र."

सगळं कॅन्टीन हसलं. खलीलभाईही हसले. पण घरी आल्यावर माझ्यासमोर उभे राहून त्यांनी उगाचच माझ्यावरची धूळ पुसली.

आता रमजानचं सांगतो. त्या महिन्यात खलीलभाई वर्षाच्या बचतीचा चाळिसावा हिस्सा गरिबांसाठी काढत. त्याला जकात म्हणतात. (नाक्यावर ट्रक अडवून घेतात ती वेगळी.) पूर्वी हिशेब सोपा होता. आता प्रश्न पडला, की आमची किंमत कोणती धरायची? आतली की बाहेरची? ते मशिदीत मौलवीसाहेबांना विचारून आले.

"काय म्हणाले?" गुलजारबींनी विचारलं.

"म्हणाले, आज विकलंत तर हातात जे येईल तेवढंच धरा."

"मग झालं तर."

"मी नऊ धरणार."

"अहो, मौलवीसाहेब स्वतः सांगतायत ना!"

"ते बाजाराचं सांगतायत. आत नऊचं आहे हे मला माहीत आहे. माहीत असून कमी कसं मोजू?"

गुलजारबींनी कपाळावर हात मारला. मित्रांनो, मी भिंतीवर होतो, पण त्या क्षणी माझा ऊर भरून आला. सगळ्या बाजाराने मला सातला तोललं होतं. एक माणूस मला नऊचा म्हणत होता आणि त्यासाठी खिशातून जास्तीचे पैसे देत होता. दर रमजानला तो तसंच करायचा.

सहा रुपये वीस पैसे

१९९८ च्या पावसाळ्यात अफिफाची बारावी झाली. ती त्यांची एकुलती मुलगी. औषधं बनवण्या-विकण्याच्या पदविकेला तिला जागा मिळाली. फी शनिवारपर्यंत भरायची होती. न भरल्यास जागा पुढच्या नावाला. कारखान्यात तेव्हा आठवड्यातून चारच दिवस काम होतं. व्याजाने पैसे काढणं त्या घरात शक्य नव्हतं. गुलजारबींनी साठवलेले होते ते पुढे ठेवले. ते अर्ध्यालाही पुरले नाहीत. उरलो आम्ही.

खलीलभाईंनी पेपर उघडला. सहा रुपये वीस पैसे. आत अजून नऊ.

"नाही," ते म्हणाले. "नऊचा माल सहाला द्यायचा? याला व्यवहार म्हणत नाहीत. पुढच्या वर्षी बघू."

अफिफा दाराशी उभी होती. "पुढच्या वर्षी जागा मिळेलच असं नाही, अब्बा."

"मिळेल. मार्क कुठे पळून जातायत?"

"मार्क नाही पळत. लग्नाच्या गोष्टी सुरू होतील. फुफी, तुमचीच बहीण, आत्ताच विचारतेय."

खलीलभाई रुमाल काढून मला पुसू लागले. तेव्हा गुलजारबींचा संयम संपला. "पुसा, पुसा! त्या कागदाला पुसताय तसं एकदा लेकीच्या तोंडाकडे बघा. दहा वर्षं भरून झाकण उघडेल तेव्हा पातेल्यात नऊ असतील, नाहीतर नव्वद असतील. ही कुठे असेल?"

"गुलजार, मी हिच्यासाठीच तर थांबलोय!"

"मग तिला लागतंय ते आत्ता. रमजानमध्ये जास्तीचं मोजून देताना तुमचा हात आखडला नाही. पोरीसाठी कमी घेताना का आखडतोय?"

 खलीलभाईंनी पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. मग त्यांनी मलाही भिंतीवरून काढलं.

दलालाचं नाव यादव. त्याने नऊ भावांच्या हस्तांतराच्या कागदांवर सह्या घेतल्या आणि मला हातात घेऊन तो थबकला. "हे काय केलंत, खलीलभाई? मागे नव्या मालकाचं नाव चढवावं लागतं, शिक्का मारावा लागतो. प्लास्टिकवर कसा मारू?"

"खराब होऊ नये म्हणून केलं होतं."

"आता खराब होणार नाही आणि खपणारही नाही. पूजेला ठेवा!"

यादव हसला, मग त्यांचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. दहावा नसला तरी फीपुरते पैसे जमत होते. माझे नऊ भाऊ एका पाकिटात गेले. त्यांना निरोप देता आला नाही. ज्या प्लास्टिकचा मला इतका गर्व होता, त्याने मला वाचवलं की बिनकामाचं केलं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

शनिवारी अफिफाने फी भरली. प्रयोगशाळेसाठी पांढरा कोट शिवायला टाकला तेव्हा गुलजारबींनी शिंप्याला बाह्या जरा लांब ठेवायला सांगितल्या. खलीलभाई म्हणाले, "अगं, ती आता काय वाढणार?" आणि कितीतरी दिवसांनी घरात हसू ऐकू आलं.

झाकण

२००४ मध्ये योजनेची मुदत संपली आणि प्रत्येकाला त्याच्या वाट्याची आतली पूर्ण किंमत मिळाली. त्र्यंबक नाक्याजवळच्या एका ऑफिसात खलीलभाई आणि अफिफा मला घेऊन गेले. नोंदणीत नाव होतं, सही जुळली, म्हणून प्लास्टिक अंगावर असूनही माझे पैसे मंजूर झाले. युनिटमागे एकवीस रुपये. कारकुनाने माझ्यावर 'रद्द' असा शिक्का मारला, पण शाई प्लास्टिकवर वाळेना, बोट लागताच पुसली जायची. शेवटी त्याने पंच घेऊन माझ्या कोपऱ्यातल्या कमळाला भोक पाडलं.

"हा आम्हाला परत द्याल?" अफिफाने विचारलं.

"घ्या. याची आता किंमत शून्य."

शून्य! आत काही नाही आणि बाहेरही काही नाही. मित्रांनो, खरं सांगतो, मला हलकं वाटलं.

आता मी वडाळा नाक्यावर अफिफाच्या औषधांच्या दुकानात असतो. गुळगुळीत आहे, पुसता येतो, म्हणून सुट्या गोळ्या ती माझ्या पाठीवर मोजते. तापाच्या, सर्दीच्या, रक्तदाबाच्या. म्हाताऱ्या बायका माझ्यावर वाकून विचारतात, "पोरी, सकाळची कोणती?" खलीलभाई निवृत्त झालेत. दुपारी येऊन स्टुलावर बसतात. पेपर वाचतात, पण तो तक्ता उघडत नाहीत.

तुमच्याही घरात पेटीत, कपाटात, भिंतीवर कुणीतरी काहीतरी जपून ठेवलेलं असेल. त्याला धूळ लागू देऊ नका. पण ते कुणासाठी ठेवलंय, हे मधूनमधून त्या माणसाकडे बघून आठवत जा. आणि त्याला ते लागेल तेव्हा, भाव काहीही असो, आम्हाला जाऊ द्या. आम्हा कागदांना त्याचं वाईट वाटत नाही.

माझे भाऊ सहाला गेल्यावर दीड वर्षाने, फेब्रुवारी २००० मध्ये, माझा पेपरातला भाव पंधरा रुपये होता. खलीलभाईंनी तो वाचला, पेपराची घडी घातली आणि घरात कुणाला सांगितलं नाही.