आवाजाची चाचणी

फील्डवर्क म्हणायचं आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून फोन लावायचे. साथीच्या टाळेबंदीत दुसरं करणार काय? घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांचे दिवस कसे चाललेत, हा आमचा अभ्यास. त्यातल्या एका काकूंवर माझा फार जीव जडला. बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही.

पुढच्या मुलाखतीसाठी फोन केला, तर तो त्यांच्या यजमानांनी उचलला. काकू दवाखान्यात गेल्या त्या परत आल्याच नव्हत्या. शेवटचं तोंडसुद्धा कुणाला पाहू दिलं नव्हतं.

"ताई, तिचं बोलणं तुम्ही टेप केलंय ना? तेवढं द्या मला. फोटो ढीगभर आहेत हो, आवाज कुठेच नाही."

मुलाखत कुणालाही ऐकवणार नाही, घरच्यांनाही नाही, असा शब्द मी काकूंना दिला होता. त्या भरवशावरच त्या काकांबद्दल म्हणाल्या होत्या, "देवमाणूस आहे, पण चोवीस तास डोळ्यांसमोर! एक दिवस तरी या घरात मला एकटीला बसायला मिळू दे गं." आणि खळखळून हसल्या होत्या. ते आता काकांच्या जिव्हारी लागलं असतं.

"नाही देता येणार, काका."

"बरं," ते म्हणाले. भांडले असते तर परवडलं असतं.

आमच्या सरांना विचारलं. त्यांनी नियमावर बोट ठेवलं. खड्ड्यात गेला तुमचा नियम, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण शब्द दिला होता तो मी. रडतच ती मुलाखत पुन्हा लावली. सुरुवातीला आवाज नीट येतोय का ते तपासायला आम्ही समोरच्याला काहीही बोलायला सांगतो. काकू काय बोलल्या होत्या? आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या होत्या.

"अहो, तो पंखा बंद करा आधी! ताईंना नुसती घरघर ऐकू येतेय. आणि जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका."

चाचणी मुलाखतीत धरत नाहीत. शिवाय हे बोलणं काकांशीच होतं, माझ्याशी नव्हतंच. तेवढाच तुकडा कापून मी त्यांना पाठवला.

ऐन उकाड्यात त्यांचा फोन आला.

"जेवायला बसताना रोज लावतो, ताई. ती ओरडली की उठून पंखा बंद करतो. आधी कधी एका हाकेत उठलो नाही मी." मग त्यांनी विचारलं, "आता नाही ना येत घरघर?"

"नाही काका. अजिबात नाही."