चहाच्या कपांखालची फळी

मित्रांनो, मी भोकाभोकांची एक जुनी सागवानी फळी आहे. हसा खुशाल. इंदापूरहून आलेले बडे पाहुणेही हसले होते.

बारामतीहून इंदापूरला जाताना तेव्हा पंपांचा एक कारखाना लागायचा. ओतकामाचे लाकडी साचे तिथे निमगाव केतकीचे झुंबर मिस्त्री घडवायचे. १९९६ साली त्यांनी मोठ्या पंपाचा साचा केला आणि उरलेल्या लाकडातून मला. म्हणजे तो साचा माझा सख्खा भाऊ. मिस्त्रींची नजर मंदावली होती. असा साचा त्यांच्या हातून पुन्हा होणार नव्हता.

माझा जन्म झाला एका हेल्मेटपायी. मालक अविराजसाहेबांनी ते परदेशातून आणलेलं. डोक्यावर चढवलं की समोरच्या खऱ्या वस्तूवर संगणकाने काढलेल्या खुणा दिसायच्या. डोकं कुठे वळलं हे शेजारचा चुंबकाचा डबा ओळखायचा. त्याचं चुकलं की खूण भलतीकडेच. तरी हेल्मेटचे लाड असे, की दिवाळसणाच्या जावयाचेही होत नाहीत! त्याला मखमली पिशवी, वेगळा पंखा. मला साधा खिळा नाही. लोखंड जवळ आलं की डबा बिथरतो, म्हणून लाकडी खुंट्या. एवढं नाजूक होतं, तर यायचं कशाला कारखान्यात?

योगिनीताई नव्याने लागलेल्या इंजिनिअर. डब्याला डोक्याची जागा कळवणारं हेल्मेटचं सुपारीएवढं बटण काढून त्या माझ्या एकेका भोकात बसवायच्या. भोक खरं कुठे आहे ते मी सांगायची, यंत्राला कुठे वाटतं ते पडदा सांगायचा. दोन्हींतला फरक म्हणजे यंत्राची थाप. एरवी ती ज्वारीच्या दाण्याएवढी असायची.

दसऱ्याला पाहुण्यांसमोर खेळ ठरला. हेल्मेटमधला हिरवा ठिपका पाहून ताईंनी साच्यावर खूण करायची आणि मिस्त्रींनी तिथेच गिरमिटाने भोक पाडायचं. जागा चुकली की साचा जळणात.

आदल्या दिवशी खंडेनवमी. साहेबांच्या आई भामाबाईंनी हौसेने पूजा मांडली. हातोडे, पाने, कानशी, वस्तू आवळून धरणारा वजनदार व्हाइस, सगळं लोखंड त्या डब्याच्या टेबलाभोवती! डब्याला हळदकुंकू, हेल्मेटला झेंडूचा हार. सोनं लुटेपर्यंत मांडलेली हत्यारं हलवायची नाहीत, हा तिथला रिवाज.

दसऱ्याच्या सकाळी ताईंनी मला लावून पाहिलं. थाप चार बोटांची!

"फळी फुगली असेल," साहेब म्हणाले.

"येका रात्रीत?" मिस्त्री म्हणाले. "फळी हाय का भाकरी?"

"साहेब, व्हाइसकडच्या भोकांत चूक जास्त आहे," ताई म्हणाल्या. "हे लोखंड काढायला हवं."

"पूजा मोडू? आई दिवसभर जेवायची नाही. पाहुणे दारात आहेत. नोकरी टिकवायची असेल, तर ते लाकूड उचला आधी."

मला स्टुलावर आडवी टाकली आणि वर पाहुण्यांचे चहाचे कप मांडले.

ताईंनी हेल्मेट चढवलं, खडू हातात घेतला. मिस्त्रींनी भावाच्या अंगाशी गिरमिट आणलं. तेवढ्यात ताईंनी हेल्मेट उतरवलं.

"मिस्त्री, थांबा."

त्यांनी कप बाजूला सारले, मला उचललं आणि बटण भोकात बसवून चूक सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली.

"परदेशी यंत्र तपासायला ही चाळण व्हय?" एक पाहुणे म्हणाले आणि हशा पिकला. साहेब लालबुंद.

भामाबाई मात्र पुढे आल्या. "पोरी, पूजेनं बिघडतंय का?"

"व्हय, आई," ताई हळूच म्हणाल्या.

"मग पूजा ऱ्हाऊ दे हितं. टेबल न्या की भाईर! त्याला काय मुळ्या फुटल्यात?"

लांब वायर ओढून सगळं लटांबर अंगणात नेलं. पुन्हा मला लावलं. थाप दाण्याएवढी! मग ताईंनी खूण केली, मिस्त्रींनी भोक पाडलं. भाऊ वाचला.

फोटो निघाला तो हेल्मेटचा, हारासकट. भोवती साहेब आणि पाहुणे, मघाशी हसलेले तेच. मी कोपऱ्यात, पुन्हा कपांखाली. दोन वर्षांत हेल्मेट बंद पडलं. मखमली पिशवीत त्याच्यात आता झुरळं नांदतात. मला मिस्त्री घरी घेऊन गेले.

मित्रांनो, माझ्या अंगावर कपाचा गोल डाग अजून आहे. हार मला नकोच होता. ज्यांना हार लागतात, त्यांची अक्कल मी पाहिली आहे. तुमचं चुकतंय हे तोंडावर सांगणारं कुणी तुमच्याजवळ असेल, तर त्याला जपा. निदान त्याच्यावर चहा तरी ठेवू नका.