दुसरा ब्रेक

डोंगरावरच्या त्या गोल्फ रिसॉर्टच्या दारात लांबलचक, चकचकीत गाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध आमची, टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पिवळी पाटी मिरवणारी. दारावरचा माणूस पाटी बघून हसला. हसू दे. याच गाडीवर मी अर्ध्या गावाला शिकवलंय. तो आला तर त्यालाही शिकवीन.

वर येताना घाटात गाडी मात्र माझ्या मुलाने चालवली. मी शेजारी, शिकवणाऱ्याच्या जागेवर. तिथे पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला तर शिकवणाऱ्याने दाबायचा. माझी रीत अशी की जिवावर बेतल्याशिवाय त्याला पाय लावायचा नाही. गाडी बंद पडू दे, मागचे हॉर्न वाजवू देत, कुंपणाला खरचटू दे. स्वतःची चूक स्वतः निस्तरली की माणूस शिकतो. चिरंजीवांनी एक-दोन वळणं अशी घेतली की माझं नुकतंच दुरुस्त झालेलं काळीज तोंडाशी आलं. तरी मी पाय हलवला नाही.

हो, हृदयाचं दुखणं होऊन गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आता ठणठणीत आहात. गाडी चालवा, शिकवा खुशाल." पण आमच्या घरच्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं. मी अजून दवाखान्यात खाटेवर, नाकात नळी, तेव्हाच मुलाने विचारलं होतं, "आई, आता स्कूल बंदच करू या ना?" मी म्हटलं, "बघू." माझं 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्याला लहानपणी सायकल मागितली तेव्हापासून माहीत आहे. या वेळी मात्र पठ्ठ्याने सोयीस्कर 'हो' धरलं आणि सोमवारी गाडी दुसऱ्या एका शिकवणाऱ्याला द्यायचं परस्पर ठरवून टाकलं. मला वाईट वाटू नये म्हणून आधी ही सहल. सोबत माझा थोरला भाऊ, कारण गोल्फचं वेड आम्हा भावंडांना जुनं. बळी देण्याआधी बकऱ्याला चारतात, तसला प्रकार.

गोल्फमध्ये एक रिवाज आहे. बॉल होलच्या अगदी तोंडाशी आला की समोरचा म्हणतो, "दिला." मग शेवटचा फटका मारायचा नाही, बॉल पडला असं धरायचं आणि उचलून घ्यायचा. चांगला रिवाज आहे, वेळ वाचतो. पण त्या दिवशी दादा सुटलाच. वीतभर अंतर, दिला. हातभर, दिला. पुढे पुढे तर पलंगभर अंतरावरूनही दिला! मुलगा धावत जाऊन बॉल उचलून माझ्या हातात ठेवायचा, लहान मुलाला खाऊ द्यावा तसा. चार पावलं चालायची तर बग्गी हजर. आतल्या आत माझं दूध उतू जायला आलं होतं.

शेवटच्या होलवर माझा बॉल उतारावर चांगला लांब थांबला. पडला तर दादाशी बरोबरी, नाही पडला तर दादा जिंकला.

"दिला गं!" दादा म्हणाला. "बरोबरी! दोघंही जिंकलो."

मुलाने टाळ्या वाजवल्या आणि तो बॉलकडे निघाला.

"खबरदार हात लावलास तर!" मी ओरडले.

"अगं, दिला म्हटलं ना? एकदा दिला की दिला, नियम आहे."

"नियम गेला चुलीत. मी मागितला होता का, दादा?"

"तुझ्या काळजीपोटीच ना गं…"

"काळजी कर, पण माझ्या वाटचं खेळू नकोस."

मी वाकले, उतार डोळ्यांनी मोजला आणि मारला. बॉल झकास निघाला, होलच्या काठाला लागला, गर्रकन वळला आणि उतारावरून खाली, पार गवतात. हरले! दुखण्यानंतर पहिल्यांदा मी पोटभर हसले. तो चुकलेला फटका माझा होता, नखशिखान्त माझा.

"हरले मी," मी म्हटलं. "आणि सोमवारी गाडी कुठेही जाणार नाही. त्या माणसाला तूच फोन कर."

मुलाचा चेहरा उतरला. "आई, तुला काही झालं म्हणजे?"

"होईल. कधीतरी होणारच आहे. मलाही भीती वाटते रे, खूप वाटते. पण घरात नुसती बसले की जास्त वाटते. गाडीत बसले की समोरचा रस्ता बघावा लागतो, भीतीकडे बघायला फुरसत नसते."

मी हात पुढे केला. त्याने दादाकडे पाहिलं. दादा बॅगेची चेन लावण्यात गढून गेला. शेवटी किल्ली माझ्या तळहातावर आली.

उतरताना गाडी मी घेतली. दादा मागे, मुलगा माझ्या शेजारी, शिकवणाऱ्याच्या जागेवर. पहिल्याच वळणावर गाडीला गचका बसला आणि दादाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. ब्रेक मी दाबला नव्हता.

मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"चुकून लागला," मुलगा म्हणाला.

"चुकून नाही. तुला वाटलं मी वळण चुकवणार. चुकवलं होतं का?"

"नाही."

"मग?"

खाली दरी होती, वळणामागे वळण होतं. तो बराच वेळ त्या दुसऱ्या ब्रेककडे बघत बसला. मग त्याने वाकून बूट काढले, आपले लांबच लांब पाय वर घेतले आणि त्या एवढ्याशा सीटवर, गुडघा दाराला टेकवून, चक्क मांडी घातली.

"चल," तो म्हणाला.

मी गाडी सुरू केली. पायथा येईपर्यंत त्याने मांडी सोडली नाही.